हजारो ग्रीन नोकऱ्या येणार म्हणतात, त्यातली आपली कशी शोधायची

बातमी नेहमी एकाच साच्यातली असते. अमुक कंपनी तमुक ठिकाणी सौर प्रकल्प किंवा बॅटरीचा कारखाना टाकणार, इतक्या अब्जांची गुंतवणूक, इतके हजार रोजगार, खाली हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. मग कोणीतरी ती ग्रुपवर टाकतं आणि विचारतं, अर्ज कुठे करायचा? अर्ज कुठेच करायचा नसतो, कारण त्या दिवशी तिथे फक्त मोकळी जमीन असते, कधीकधी तीही ताब्यात आलेली नसते.

मी आधी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि आता बरीच वर्षं सौर प्रकल्पांच्या देखभालीत आहे. मधल्या काळात दोनदा फसलो, एकदा कोर्समध्ये आणि एकदा नोकरीत, त्यावरून जे कळलं ते लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच की जाहिरातींच्या मागे धावू नका, पैशाच्या मागे जा. पैसा कुठल्या टप्प्यावर अडकलाय, तो कशावर खर्च होणार आणि खर्च होऊन गेल्यावर तिथे माणूस लागणार का, हे तीन प्रश्न विचारले की कामं आपोआप दिसायला लागतात. स्वतःची बचत ग्रीन फंडात, म्हणजे पर्यावरणपूरक कंपन्यांत पैसे लावतो म्हणणाऱ्या फंडात, घालायची असेल तरी हेच प्रश्न चालतात, त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी आकडा फोडा

"दहा हजार रोजगार" असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न, रोजगार की रोजगार-वर्षं? एका माणसाला एक वर्ष काम म्हणजे एक रोजगार-वर्ष. म्हणजे हजार रोजगार-वर्षं याचा अर्थ हजार माणसं एक वर्षभर असा होतो आणि चाळीस माणसं पंचवीस वर्षं असाही होतो, कागदावर दोन्ही सारखंच, पण घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाषणात "वर्षं" हा शब्द गळून पडतो आणि हजार नोकऱ्या उरतात.

दुसरं, त्या आकड्यात कोण कोण धरलंय ते बघायचं. साइटवर काम करणारे म्हणजे थेट रोजगार. पॅनल, केबल, लोखंडी स्ट्रक्चर बनवणाऱ्या कारखान्यातले अप्रत्यक्ष, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच देशात बसलेले असतात. आणि या सगळ्यांनी पगार खर्च केल्यामुळे दुकानदार, ड्रायव्हर वगैरेंना जे काम मिळतं तेही तिसऱ्या थरात मोजतात. मोजणं चुकीचं नाही, पण तो तिसरा थर धरून केलेला आकडा वाचून आपण भरतीची वाट बघत बसलो तर चूक आपली.

जगाचा हिशोब बघायचा तर इरेना ही अक्षय ऊर्जेची आंतरराष्ट्रीय संस्था आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मिळून दरवर्षी मोजणी करतात. २०१२ मध्ये अक्षय ऊर्जेत साधारण ७३ लाख लोक होते, २०२३ मध्ये ते १ कोटी ६२ लाखांवर गेले. दुप्पट तर झालेच. पण त्यातले ४६ टक्के एकट्या चीनमध्ये, कारण पॅनलपासून बॅटरीपर्यंतचे कारखाने तिथे आहेत, आणि निम्म्याच्या जवळपास लोक फक्त सौर पॅनलच्या धंद्यात. तेव्हा "जगात इतक्या नोकऱ्या" हे वाक्य तुमच्या कामाचं नाही, तुमच्या भागात साखळीतला कुठला तुकडा आहे ते कामाचं. कारखाना आहे, उभारणी आहे, की फक्त चालवणं आहे?

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. यंत्रं मोठी झाली की तेवढ्याच विजेला माणसं कमी लागतात. समुद्रातली जगातली पहिली पवनचक्क्यांची रांग डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ ला लागली, अकरा पवनचक्क्या, सगळ्या मिळून ५ मेगावॅटपेक्षा किंचित कमी. २०१७ मध्ये त्या काढून टाकल्या. आज समुद्रात लागणारी एकेक पवनचक्की १४-१५ मेगावॅटची असते, म्हणजे त्या अख्ख्या रांगेच्या तिप्पट, आणि तिच्यावर चढणारे टेक्निशियन काही तिप्पट नसतात. मेगावॅटवरून नोकऱ्या मोजणाऱ्याला म्हणून मी हात जोडतो.

पैसा कुठल्या टप्प्यावर आहे

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

प्रकल्पाची घोषणा होते. मग जमीन, पर्यावरणाच्या आणि बाकीच्या परवानग्या. मग ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडायची मंजुरी. मग वीज कोण घेणार त्याचा करार. हे सगळं जमलं की बँका कर्ज मंजूर करतात, याला धंद्यात फायनान्शियल क्लोजर म्हणतात, आणि खरी गाडी इथून सुटते. त्यानंतर मुख्य ठेकेदार ठरतो, त्याचे छोटे ठेकेदार ठरतात आणि तेव्हा कुठे साइटवर माणसं घ्यायला सुरुवात होते. घोषणेपासून इथपर्यंत वर्षं जातात आणि अनेक प्रकल्प मधेच गळतात.

काम अडवणारं सगळ्यात मोठं बूच कुठे आहे माहितीय? ग्रिड. आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की जगभरात निदान ३,००० गिगावॅटचे अक्षय ऊर्जेचे प्रकल्प ग्रिडला जोडून मिळण्याच्या रांगेत उभे आहेत, त्यातले १,५०० गिगावॅट तर बऱ्यापैकी पुढच्या टप्प्यावर. म्हणजे पॅनल मिळतंय, पैसा मिळतोय, तार मिळत नाहीये. यातून दोन गोष्टी घ्या. एक, प्रकल्पाची बातमी आली की त्याला ग्रिड मंजुरी मिळालीय का ते आधी बघा, नसेल तर ती बातमी बाजूला ठेवून द्या. दोन, जिथे बूच आहे तिथे पैसा वळतो, म्हणून सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, हाय व्होल्टेज केबल जॉइंटिंग, प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की वीज तोडायला लावणारं उपकरण) टेस्टिंग ही कामं जाणणाऱ्यांना मागणी राहते. ही कामं "ग्रीन" म्हणून कोणी मिरवत नाही. पॅनलसमोर उभं राहून फोटो काढणारे खूप सापडतील, केबल जॉइंटर शोधायला गेलात तर दमछाक होते.

फायनान्शियल क्लोजर झालं की नाही हे कळायला काही गुपित लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर ती तसं जाहीर करते, कर्ज देणाऱ्या बँका अभिमानाने सांगतात, टेंडर आणि परवानग्यांची कागदपत्रं बऱ्याच ठिकाणी सरकारी पोर्टलवर असतात. तिथून मुख्य ठेकेदाराचं नाव काढायचं आणि अर्ज त्याच्याकडे किंवा त्याच्या खालच्या ठेकेदाराकडे करायचा. मालक कंपनीच्या साइटवर "करिअर" बटण दाबून मी स्वतः सहा महिने घालवलेत, तिथे वकील, फायनान्सवाले आणि मॅनेजर घेतात, फिटर नाही.

उभारणी संपली की कोण उरतं

सौर पार्क उभा राहताना शेकडो माणसं असतात, खांब ठोकणारे, स्ट्रक्चर बांधणारे, केबल ओढणारे, पॅनल बसवणारे. साधारण वर्षभरात, कधी त्याहून लवकर, काम संपतं आणि गेटवर उरतात मोजके टेक्निशियन, पॅनल धुणारे, गवत कापणारे आणि सिक्युरिटी. माझी दुसरी फसगत हीच होती, उभारणीच्या कामाला कायमची नोकरी समजून घरभाड्याचा करार तीन वर्षांचा करून बसलो आणि दहाव्या महिन्यात साइट बंद.

उभारणीचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, हातात पैसा चांगला येतो आणि शिकायला मिळतं, फक्त एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जायची तयारी ठेवून ते घ्यायचं. एकाच ठिकाणी राहायचं असेल तर तीन दिशा बघा. पहिली म्हणजे देखभाल, जागा कमी पण टिकाऊ. दुसरी ग्रिड. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे आहेत त्या इमारतींची दुरुस्ती. भिंती-छताचं इन्सुलेशन, खिडक्या, हीट पंप (बाहेरची उष्णता आत खेचून घर गरम करणारं यंत्र), जुन्या मोटारी आणि पंप बदलणं. याला फीत कापायला कोणी येत नाही पण माणसं भरपूर लागतात. आयईएने २०२० मध्ये हिशोब मांडला होता की इमारतींच्या ऊर्जाबचतीवर दहा लाख डॉलर खर्च केले तर ९ ते ३० रोजगार तयार होतात. शिवाय इमारत उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही, त्यामुळे काम आहे तिथेच राहतं, आणि एका गावातल्या सगळ्या इमारती एका वर्षात संपत नाहीत.

इथलं एक काम जवळून सांगतो, एनर्जी ऑडिटरचं. मुख्य दारात एक कापडी पडदा ताणून बसवतात, त्यात मोठा पंखा, तो आतली हवा बाहेर खेचतो आणि आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक तयार करतो. मग ऑडिटर हात पुढे करून घरभर फिरतो, स्विचबोर्डाच्या मागून, खिडकीच्या चौकटीतून, छताच्या सांध्यातून वारा बोटांना लागतो, थर्मल कॅमेऱ्यात तिथे रंग बदललेला दिसतो. घरमालकाला इतकी वर्षं वाटत असतं की आपला हीटर जुना झालाय. अर्ध्या तासात फटी सापडतात. या कामाला इंजिनिअरिंगची डिग्री असेल तर बरं, पण बांधकाम कळणारा माणूस सहा महिन्यांत तयार होतो असं मी बघितलंय.

हातात काय आहे ते मोजा

"ग्रीन स्किल" असं वेगळं काही असतं का? थोडंसं असतं. बहुतेक काम जुनंच असतं, फक्त जागा बदलते. वेल्डर पवनचक्कीच्या टॉवरवर वेल्डिंग करतो. अकाउंटंट रुपये-डॉलरऐवजी टन कार्बन मोजायला शिकतो, ज्यात कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातलं एक खातं, विकत घेतलेल्या विजेचं दुसरं आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतच्या सगळ्याचं तिसरं, आणि हे तिसरं खातं जुळवताना भलेभले रडकुंडीला येतात, त्यामुळे आकड्यांत शिस्त असलेल्या माणसाला तिथे मान आहे. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम केलेल्याला समुद्रातल्या पवनचक्कीवर जायला फार शिकावं लागत नाही. डेन्मार्कमधलं एस्बियर्ग बंदर हे याचं उत्तम उदाहरण, आधी नॉर्थ सीच्या तेल-गॅससाठी चालायचं, आता तिथून पवनचक्क्यांची पाती आणि टॉवर जहाजांवर चढतात. विहिरी खोदणारे भूऔष्णिक म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या ऊर्जेत जातात, कारण जमिनीत भोक पाडायचं कसब दोन्हीकडे सारखंच.

म्हणून कागद घ्या आणि दोन गोष्टी लिहा. डाव्या बाजूला तुम्ही गेल्या वर्षभरात हाताने काय केलंत ते, हुद्दा नको. "सीनियर टेक्निशियन" असं लिहू नका, "पॅनलबोर्डातला फॉल्ट शोधला, मोटार रिवाइंडिंगला पाठवायची की नाही ते ठरवलं, शटडाउनचं परमिट लिहिलं" असं लिहा. उजव्या बाजूला तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या चार-पाच जाहिरातींतले क्रियापद असलेले शब्द लिहा. किती जुळतात बघा. निम्म्याच्या वर जुळलं तर तुम्हाला कोर्सपेक्षा ओळखीची आणि एका चांगल्या अर्जाची गरज आहे. निम्म्याच्या खाली असेल तर कोर्स.

एक बाजूची गोष्ट, बायकांनी हे क्षेत्र सोडून देऊ नये. इरेनाच्या पाहणीत तेल-गॅसमध्ये महिला २२ टक्के होत्या, अक्षय ऊर्जेत ३२ टक्के, सौरमध्ये त्याहून जास्त. पवन मात्र अजून मागेच.

कोर्सच्या नावाखाली

आता माझी पहिली फसगत. कारखान्यातून बाहेर पडायचं होतं तेव्हा एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले, नावातच ग्रीन, सर्टिफाइड आणि प्रोफेशनल तिन्ही शब्द होते. चाळीस व्हिडिओ, शेवटी टिकमार्क करायची परीक्षा, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. ते घेऊन इंटरव्ह्यूला गेलो. सुपरवायझरने ते बघितलंही नाही. टेबलावर सौर केबलचा तुकडा, दोन कनेक्टर, एक क्रिंपिंग टूल (वायरवर कनेक्टर दाबून घट्ट बसवायचं हत्यार) आणि शेजारी एक साधी पक्कड ठेवलेली, म्हणाला कनेक्टर लावून दाखव. मी सवयीने पक्कड उचलली.

तो काही बोलला नाही, मी दाबलेला जोड हातात घेतला आणि एक झटका दिला, वायर बाहेर. मग त्याने समजावलं ते आजतागायत लक्षात आहे. पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते, डीसीत ती संधी नाही, सैल जोडात आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटला की पेटतच राहतो, प्लास्टिक वितळतं आणि छत पेटतं. वर पॅनलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर व्होल्टेज आहे. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत "बसतात" म्हणून जोडायचे नाहीत, आतला धातू आणि माप किंचित वेगळं असतं, दोन उन्हाळ्यात ते तापून काळे पडतात. चाळीस व्हिडिओंत यातलं एकही वाक्य नव्हतं. ती नोकरी नाही मिळाली. पण त्याने दोन महिने हेल्पर म्हणून यायला सांगितलं, आणि खरा कोर्स तो झाला.

म्हणून कोर्सला पैसे भरायच्या आधी:

- ज्या ठेकेदाराकडे काम करायचंय त्याला फोन करून विचारा की हे सर्टिफिकेट तुम्ही मागता का. पाच जणांपैकी दोघांनीही नाव ऐकलेलं नसेल तर सोडून द्या.
- हाताने करायचे तास किती ते विचारा. "लॅब सिम्युलेशन" असं उत्तर आलं तर अजून एकदा विचारा.
- सर्टिफिकेट किती वर्षं चालतं? खऱ्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटला मुदत असते. पवनचक्कीवर चढायला जगभर ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग मागतात, प्रथमोपचार, आग, वजन उचलणं, उंचीवरचं काम आणि समुद्रात जायचं असेल तर पाण्यात जीव वाचवणं, आणि ते दर दोन वर्षांनी ताजं करावं लागतं. आयुष्यभर चालणारं सर्टिफिकेट बघितलं की मला शंका येते.
- नोकरीची हमी देत असतील तर ती लेखी मागा, बाकी काही बोलू नका, तेवढ्याने चित्र स्पष्ट होतं.

उंचीची भीती असेल तर ती कोर्स करून जाईल अशा आशेवर पवनचक्कीकडे जाऊ नका. टॉवरच्या आत अरुंद शिडी, अंगात हार्नेस, कमरेला हत्यारं, लिफ्ट असली तरी बंद पडते, आणि वर पोचल्यावर पायाखालची खोली वाऱ्याने हळूहळू डुलत असते. ज्यांना जमतं त्यांना आवडतंही. मला नाही जमलं.

कोळशात किंवा तेलात असाल तर

तुमच्यासाठी वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्यापुढे प्रश्न संधीचा कमी आणि तारखेचा जास्त आहे. प्लांट कधी बंद होणार? ती तारीख लवकर कळणं यातच अर्धी लढाई आहे.

जर्मनीत दगडी कोळशाचं अनुदान २०१८ पर्यंत संपवायचं हे २००७ मध्येच ठरलं. शेवटची खाण, बॉट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. अकरा वर्षं हातात होती, त्यात लोक वयाप्रमाणे निवृत्त झाले, तरुण दुसरीकडे वळवले गेले. स्पेनमध्ये २०१८ लाच सरकार आणि युनियन यांच्यात खाणी बंद करण्याचा करार झाला, २५ कोटी युरोंचा, त्यात ४८ च्या पुढच्या कामगारांना लवकर पेन्शन, बाकीच्यांना नवीन कामाचं ट्रेनिंग आणि खाणीची जमीन पुन्हा नीट करण्याच्या कामात जागा. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं जुनं कोळशाचं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबलं, तिथे क्रम उलटा पडला, बंद आधी आणि पर्यायी कामाची जमवाजमव नंतर, आणि त्याचा ताप आजूबाजूच्या वस्तीला झाला.

यातला फरक लक्षात घेऊन युनियनमध्ये किंवा मॅनेजमेंटसमोर चार गोष्टी मागायच्या, लेखी. बंद व्हायची तारीख. ट्रेनिंग प्लांट चालू असताना आणि पगारी. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे पैसे वेगळ्या खात्यात सुरक्षित आहेत का त्याचा पुरावा. आणि प्लांट पाडणं, राख आणि माती साफ करणं या कामात आधी आपली माणसं. हे चौथं लोक विसरतात, पण पाडकाम आणि सफाई वर्षानुवर्षं चालते आणि त्या पाइपांची, टाक्यांची माहिती तुमच्याइतकी कोणाला नसते. शिवाय वीजकेंद्र बंद झालं तरी त्याचं ग्रिडचं कनेक्शन तिथेच असतं, आणि वर रांगेचं सांगितलंच, तेव्हा अशा जागेवर बॅटरी स्टोरेज येण्याची शक्यता चांगली असते. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतसुद्धा कामगारांसाठी न्याय्य संक्रमण असे शब्द आहेत, बोलणी करताना ते समोर ठेवायला हरकत नाही, त्याने पगार मिळत नाही पण टेबलावर जागा मिळते.

आणि स्वतःचे पैसे

आता बचतीचं. मी सल्लागार नाही, फक्त दोन-तीन ठिकाणी बोटं भाजलेला माणूस आहे.

क्षेत्र वाढतंय म्हणून शेअर वाढेल हे गणित इथे फार वेळा चुकलंय. २०१० च्या दशकात सौर पॅनलची किंमत जवळपास ९० टक्के पडली. छतावर पॅनल लावणाऱ्याची चांदी, पॅनल बनवणाऱ्याचं दिवाळं. अमेरिकेत सोलिंड्रा २०११ ला बुडाली, तिला सरकारने ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. जर्मनीची क्यू-सेल्स एके काळी जगात सगळ्यात जास्त सोलर सेल बनवायची, २०१२ मध्ये दिवाळखोरीत. चीनच्या सनटेकचा मुख्य कारखाना २०१३ मध्ये. तिन्ही वर्षं जगात पॅनल आधीपेक्षा जास्तच लागत होते बरं का. दुसरं म्हणजे व्याजदर. कोळशाच्या प्लांटला रोजचा कोळसा घ्यावा लागतो, सौर-पवनला सगळा खर्च पहिल्याच दिवशी आणि तोही बहुतेक कर्ज काढून, म्हणून व्याज वाढलं की याच कंपन्या आधी धापा टाकतात. आणि तुमचा पगार या क्षेत्रातून येत असेल तर बचतही त्याच क्षेत्रात कोंबू नका, पडतं तेव्हा दोन्ही एकदम पडतं.

ग्रीन फंडाच्या नावावर जाऊ नका, त्यातल्या पहिल्या दहा कंपन्या कोणत्या ते उघडून बघा, निम्म्या वेळा बँका आणि सॉफ्टवेअर निघतात. नावात आणि वागण्यात फरक असतो हे नियामकांनाही माहितीय, २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने डीडब्ल्यूएस या मोठ्या फंड कंपनीच्या तिथल्या शाखेला याच कारणासाठी १.९ कोटी डॉलरचा दंड केला, पर्यावरण वगैरे निकष आम्ही कसे पाळतो याबद्दल वाढवून सांगितलं म्हणून.

त्यामानाने ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेला कर्जरोखा, वाचायला सोपा. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २००७ मध्ये असा पहिला रोखा काढला, २००८ मध्ये जागतिक बँकेने, देश म्हणून पहिला पोलंड, डिसेंबर २०१६. साधा बाँडच असतो, फक्त पैसे कशाला वापरणार ते आधी सांगायचं. २०१४ पासूनची जी ऐच्छिक तत्त्वं आहेत त्यात चार गोष्टी येतात, पैसा कशावर, प्रकल्प निवडणार कसे, पैसा वेगळा ठेवून हिशोब कसा ठेवणार आणि नंतर कळवणार काय. परतफेड मात्र बहुतेक वेळा अख्ख्या कंपनीच्या ताकदीवर असते, त्या पवनचक्कीच्या नाही, म्हणून कंपनीची पत बघणं सुटत नाही.

यातला शेवटचा कागद, दरवर्षी निघणारा अलोकेशन रिपोर्ट, नक्की उघडा. त्यात एक ओळ शोधायची, नवीन प्रकल्पांना किती टक्के आणि रिफायनान्सिंगला किती. रिफायनान्सिंग म्हणजे आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पाचं जुनं कर्ज या पैशातून फेडलं. त्यात गैर काही नाही, पण त्या पैशातून एकही नवा खांब रोवला जात नाही आणि एकही नवा माणूस लागत नाही. मी बाँड घ्यायला म्हणून असा रिपोर्ट पहिल्यांदा उघडला होता. बाँड घेतला नाही. पण मागच्या पानांवर प्रकल्पांची यादी होती, नाव, ठिकाण, क्षमता आणि समोर "बांधकाम सुरू" किंवा "कार्यान्वित". बांधकाम सुरू असलेल्या सात प्रकल्पांचे ठेकेदार शोधून सातही जणांना फोन केले, तिघांनी उचलला, आणि त्यातल्या एकाकडे मी अजून आहे.